गंगाफळाचा उरलेला गर वापरताना या चुका टाळा

आमच्या खानदेशात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, काही घरांतलं डांगर, घरात येतं ते बहुतेक वेळा अख्खंच. बांधावरचा वेल लागला की कुणीतरी चार-पाच किलोचं फळ ओट्यावर आणून ठेवतं. देठासकट अख्खं असेल तर ते महिनोन्‌महिने टिकतं, पण एकदा कापलं की घाई सुरू होते. कानबाईच्या नैवेद्याला हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते, पितृपक्षात होते, शेजारी एक-दोन फोडी जातात, तरी निम्मं उरतं. मग ते वाफवून, घोटून गर करून ठेवायचा, हे बरोबरच आहे. बिघडतं ते त्या गराचं पुढे काहीतरी करायला घेतल्यावर. पुऱ्या तेल पितात, थालीपीठ तव्याला चिकटतं, खीर फाटते.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. गंगाफळात शेकडा 90 च्या वर पाणी असतं. वाफवताना ते सुटं होतं आणि घोटल्यावर दिसेनासं होतं. गर दाट दिसतो म्हणून आपण फसतो.

गर न आटवता कणीक मळणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मीही ती बरीच वर्षं केली. गोड पुऱ्यांसाठी (कुणी घारगे म्हणतं) गर आणि गूळ एकत्र केला, कणीक घातली, गोळा छान झाला. अर्ध्या तासाने बघते तर पीठ परातीला लागलेलं. आणखी कणीक घातली, पुन्हा सैल. शेवटी पुऱ्या झाल्या त्या जाड, चिवट आणि तेलकट. गूळ पाणी ओढून घेतो आणि विरघळत जातो, त्यामुळे गोळा जितका वेळ ठेवाल तितका सैल होतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पानी नको टाकू व माय, डांगर सोताच पानी सोडस." मी वरून पाणी घातलं नव्हतं खरं, पण आतलं पाणी काढलंही नव्हतं.

आता मी असं करते. दोन वाट्या गर जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर मध्यम आचेवर परतते. आधी तो फुटफुट उडतो, तेव्हा जरा लांबून हलवायचा. दहा-बारा मिनिटांत आवाज बसतो, रंग केशरीवरून गडद होतो आणि कच्चा वास जातो. उलथन्याने कढईच्या मधून रेघ ओढायची. रेघ लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. रेघ तशीच राहिली आणि गर कडेने सुटू लागला की झालं. दोन वाट्यांचा साधारण सव्वा वाटी उरतो.

अशा एक वाटी आटलेल्या गराला अर्धी ते पाऊण वाटी किसलेला गूळ पुरतो. गर गरम असतानाच गूळ त्यात विरघळवायचा आणि मिश्रण पूर्ण गार होऊ द्यायचं. मग मीठाची चिमूट, वेलची, दोन चमचे रवा, आणि मावेल तेवढी कणीक, अंदाजे दोन वाट्या. पाण्याचा थेंब नको. गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट हवा. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवला की पुरे, सकाळी मळून दुपारी तळायचा विचार करू नका.

तळतानाही आच सांभाळा. तेल कमी तापलं तर पुरी तेल पिते. फार तापलं तर गूळ करपतो, वरून काळी आणि आत कच्ची राहते. तेल चांगलं तापवून मग आच मध्यम करायची.

भाकरीच्या पिठात गर घालणं

नुसत्या दादरच्या (आमच्याकडची रब्बी ज्वारी) किंवा साध्या ज्वारीच्या पिठात गर मळून भाकरी थापली तर ती थापताना चिरते आणि उचलताना तुटते. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने पिठाची उकड होते तेव्हा येतो, आणि थंड गराने ते काम होत नाही. कळणाच्या पिठात ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात, त्यामुळे ते बरं जुळतं. तरी मी भाकरीच्या नादी लागत नाही, थालीपीठ करते. कळणाचं पीठ, मूठभर बेसन, गर, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ. ओल्या फडक्यावर पातळ थापून झाकण ठेवून भाजायचं. जाड थापलं तर मधे गिच्चं राहतं.

गोडपणा तोलायला विसरणं

उरलेला गर रश्शाला दाटपणा आणायला चांगला. पाटोडीच्या किंवा शेवेच्या भाजीच्या वाटणात खोबरं थोडं कमी करून दोन-तीन चमचे गर घालून बघा. त्याहून जास्त नको, काळ्या मसाल्याची चव दबते. वाटण तेलात परतून तेल सुटल्यावरच गर घालायचा आणि तोही दोन मिनिटं परतायचा, नाहीतर रस्सा उकडलेला लागतो. नुसत्या गराची घोटलेली भाजी करायची असेल तर फोडणीत मेथीदाणे हवेतच. त्यांची कडसर चव गंगाफळाचा गोडवा जागेवर ठेवते. मात्र दाणे काळे होऊ देऊ नका.

दह्यात कालवताना गर गार हवा आणि मीठ पानात वाढायच्या वेळी. आधी घातलं की तासाभरात वाटीत पाणीच पाणी.

खिरीचं दूध फाटणं

यात दोष बहुधा गुळाचा असतो. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटू शकतं. गर तुपावर परतून दुधात शिजवा, आच बंद करा, खीर कोमट झाली की मग गूळ घाला. तेवढा धीर नसेल तर साखर वापरा.

ठेवण्यातल्या चुका

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. अशा दिवसांत शिजवलेला गर तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये, एरवीही दोन तासांत आत गेला पाहिजे. मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग लवकर गार होत नाही, म्हणून पसरट डब्यात काढा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. जास्त ठेवायचा असेल तर वाटी-वाटीच्या पिशव्या करून चपट्या दाबून फ्रीजरमध्ये, तिथे दोन-तीन महिने चव टिकते. सगळा एकाच डब्यात गोठवू नका, कारण लागेल तेवढा काढायला अख्खा डबा वितळवावा लागतो आणि वितळलेला गर पुन्हा गोठवणं बरं नाही. वितळल्यावर पाणी वेगळं होतं. ते वरणात घाला आणि गर पुन्हा आटवून घ्या.

लोणच्यासारखा बरणीत भरून बाहेर ठेवायचा प्रयोग मात्र अजिबात करू नका. गंगाफळात आंबटपणा नाही, घट्ट झाकणाखाली त्यात विषारी जंतू वाढू शकतात आणि ते वासावरून कळेलच असं नाही.

कडू गर गुळाने झाकणं

गर कडू लागला तर तो फेकायचा. गूळ वाढवून, मसाला घालून, पुन्हा उकळून काही उपयोग होत नाही. भोपळा, दुधी, काकडी यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं कधीकधी फार वाढतात, आणि शिजवल्याने ती जात नाहीत. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, माणूस आजारी पडतो. फळ कापल्यावर आधी कच्ची चिरी जिभेच्या टोकाला लावून बघा. कडू लागली तर लगेच थुंका, चूळ भरा आणि ते फळ गुरांपुढेही टाकू नका.