स्ट्रासबर्गला शिकायला येताय? सुरुवातीच्या आठवड्यांत या चुका टाळा

दर सप्टेंबरला आपली पोरं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला येतात आणि पहिल्या रविवारी कॅथेड्रलसमोर फोटो काढतात. मग दोन-तीन आठवड्यांनी एकेकाचे फोन सुरू होतात, बँकेचं कार्ड आलं नाही, पिन आला नाही, इन्शुरन्सचं पत्र आलं नाही. मी पहिला प्रश्न विचारतो, खाली टपालपेटीवर नाव कोणाचंय? बहुतेकदा आधीच्या भाडेकरूचं असतं. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर बऱ्याचदा नसतोच, पोस्टमन दारातल्या पेट्यांवरची नावं वाचून पत्र टाकतो आणि नाव सापडलं नाही की पत्र परत. त्यामुळे चावी हातात आली की बॅग उघडायच्या आधी कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून पेटीला चिकटवा, छान पाटी नंतर करा. शेअरिंगमध्ये असाल तर सगळ्यांची आडनावं. आणि परत गेलेलं कार्ड आपोआप पुन्हा येत नाही, बँकेला सांगून परत मागवावं लागतं.

आता नावाचाच दुसरा घोळ, हा खास आपल्या लोकांचा. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं आणि जन्मदाखल्यावर मात्र बाळाचं नाव नुसतं, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत, काही दाखल्यांवर तर आडनावच नसतं. इथल्या सरकारी आरोग्य विम्याला, म्हणजे अमेलीला, पासपोर्ट आणि जन्मदाखला दोन्ही लागतात आणि नावं जुळली नाहीत की फाइल अडकते. दाखला दुरुस्त करायचा तर तो निघायच्या आधी, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. इथून काकांना हेलपाटे घालायला लावण्यात काही अर्थ नाही. दाखल्याचं फ्रेंच भाषांतर अधिकृत, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या, कॉलेजच्या मॅडमनी करून दिलेलं चालत नाही. आणि एकदा पासपोर्टप्रमाणे जे नाव लिहिलंत तेच बँक, युनिव्हर्सिटी, घराचा करार सगळीकडे ठेवा, कुठे मधलं नाव टाकलं कुठे गाळलं असं करू नका.

व्हिसा लागला म्हणजे झालं असं समजणारे पण दरवर्षी भेटतात. विद्यार्थ्यांचा लाँग स्टे व्हिसा फ्रान्समध्ये आल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, त्याची फी टॅक्स स्टॅम्पच्या रूपात भरायची आणि जी पीडीएफ मिळते ती जपून ठेवायची. ते केलं नाही तर मुदत संपल्यावर तुम्ही कागदोपत्री बेकायदेशीर. पहिल्याच आठवड्यात उरकून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. तारीख चुकलीच तर गप्प बसू नका, लगेच युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला गाठा.

बँक म्हणते पत्त्याचा पुरावा दाखव, घरमालक म्हणतो आधी बँक खातं दाखव, या चक्रात बरेच जण अडकतात. सध्या ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्याकडून ‘हा माझ्याकडे राहतो’ असं सहीचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची कॉपी आणि त्यांचं लाइट बिल घ्या, बहुतेक ठिकाणी चालतं. बँकेने तरीही नाही म्हटलं तर नकाराचं पत्र लेखी मागा, ते घेऊन बांक द फ्रान्सकडे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेकडे, अर्ज करता येतो, मग ते एका बँकेला तुमचं खातं उघडायला लावतात. फ्रान्समध्ये राहणाऱ्याला हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आता घर. ग्रांद इल, म्हणजे शहराच्या मधलं जुनं बेट, 1988 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथल्या पेतीत फ्रान्स वस्तीतली लाकडी चौकटीची घरं बघून कोणाचंही मन पाघळतं. पण तिथलं चौथ्या मजल्यावरचं पोटमाळ्याचं खोपटं घेताना लिफ्ट आहे का, भिंतीला ओल आहे का, हीटर विजेचे आहेत का हे बघा, नाहीतर जानेवारीचं बिल बघून डोळे पांढरे होतील. जाहिरातीत घराच्या एनर्जी रेटिंगचं अक्षर असतं, ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट, आणि जी वाली घरं 2025 पासून नव्याने भाड्याने द्यायला बंदी आहे. घर बघितल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका, मालक परदेशात आहे चावी कुरिअरने येईल असं म्हटलं की तिथेच फोन ठेवा. चावी घेताना घराच्या अवस्थेचा कागद भरतात तेव्हा घाई करू नका, नळ सोडून बघा, शेगडी लावून बघा, प्रत्येक डागाचा फोटो काढा. काही राहिलंच तर दहा दिवसांच्या आत लेखी कळवून त्यात भर घालता येते. घराचा इन्शुरन्स भाडेकरूला सक्तीचा आहे, तो विसरलात तर मालक चावीच देणार नाही. जामीन राहणारं कोणी नसेल तर विझाल नावाची फुकट हमी मिळते, करारावर सही करायच्या आधी काढायची.

स्वयंपाकाचं थोडक्यात. आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म हलत नाही, खाली इंडक्शन बेस आहे का बघून आणा. फोडणी देताना खिडकी उघडी, कारण प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो आणि मोहरी तडतडली की तो पण तडतडतो. मसूर डाळ सुपरमार्केटमध्ये लांती कोराय नावाने मिळते, त्यासाठी सूटकेसचं वजन वाया घालवू नका.

रविवारी मात्र सावध. बाकी फ्रान्समध्ये रविवारी सकाळी सुपरमार्केट उघडं सापडतं, पण अल्सासचे, म्हणजे स्ट्रासबर्गच्या प्रांताचे, रविवारचे स्थानिक नियम जास्त कडक आहेत आणि इथे बहुतेक सगळं बंद. शनिवारी संध्याकाळीच दूध, ब्रेड, कांदे आणून ठेवा. स्वस्त सामानासाठी सगळेच डी ट्राम पकडून ऱ्हाईनपलीकडे केलला जातात, पण ते जर्मनी आहे, आणि 2024 पासून जर्मनीने फ्रान्सच्या सीमेवरही तपासणी सुरू केलीय. पासपोर्ट घरी ठेवून शाम्पू आणायला गेलात आणि पोलिसांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

ट्रामचं तिकीट चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनला व्हॅलिडेट करायचं, आत मशीन शोधत बसलात आणि चेकर आला की दंड, नुसतं तिकीट खिशात असून उपयोग नाही. सायकलवाल्यांनी ट्रामचे रूळ आडवे ओलांडायचे, जमेल तितक्या काटकोनात, रुळाला समांतर गेलात की चाक आत अडकतं आणि तुम्ही सरळ हँडलवरून पुढे, पावसात तर हमखास. कुलूप जाड यू आकाराचं घ्या, पातळ केबल इथे कापली जाते.

युनिव्हर्सिटीत ॲडमिशन दोनदा होते हे कोणी आधी सांगत नाही. पहिली फी भरून कार्ड मिळणारी, दुसरी डिपार्टमेंटमध्ये विषय आणि ग्रुप निवडायची. दुसरी राहिली तर तुम्ही लेक्चरला बसता पण यादीत नसता आणि परीक्षेच्या वेळी कळतं. युनिव्हर्सिटीचा ईमेल आणि एर्नेस्ट पोर्टल रोज उघडा, वर्ग बदलला तर तिथेच कळवतात, व्हॉट्सॲपवर नाही. मोठं लेक्चर चुकलं तर नोट्स मागून चालतं, पण लहान ग्रुपच्या तासाला हजेरी लागते. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडून सर्टिफिकेट घ्या आणि ऑफिसला पाठवा, आठवड्याने बरं वाटल्यावर मागितलं तर डॉक्टर मागच्या तारखेचं देत नाही. आणि पहिल्या पेपरात वीसपैकी तेरा पडले म्हणून घरी रडत फोन करू नका, इथे दहाला पास आणि चौदाला ‘चांगला’ शेरा असतो, सोळा तर वर्गात मोजक्यांनाच.