लॅपटॉप निवडताना आधी पडदा पाहावा, मग ग्राफिक्स

लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप पाहायला गेले की विक्रेता बहुधा ग्राफिक्स कार्डापासूनच, म्हणजे पडद्यावरची चित्रे रंगवणाऱ्या भागापासूनच, सुरुवात करतो; आपण मात्र आधी समोरच्या यंत्रावर एखादी लांबलचक एक्सेल फाइल उघडून पाहावी. रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाच्या १९२० × १०८० पडद्यापेक्षा १६:१० प्रमाणाच्या १९२० × १२०० पडद्यावर उंचीत १२० पिक्सेल अधिक मिळतात, म्हणजे नेहमीच्या आकारात एक्सेलच्या पाच-सहा ओळी जास्त दिसतात, आणि दिवसभर हिशेब तपासणाऱ्याला त्यांचे मोल लगेच कळते. गेम खेळताना या पडद्यामुळे सुमारे ११ टक्के जास्त पिक्सेल रंगवावे लागतात खरे. पण सावल्यांची सेटिंग एक पायरी उतरवली की ती कसर बहुतेकदा भरून निघते. चित्रपटाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या थोड्या रुंद दिसतील, इतकेच.

व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय रेखाटन हेच रोजचे काम असेल, तर मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुधा लागतेच. तेव्हा चिपच्या नावावर न थांबता ती किती वॅटवर चालते हे विचारावे, कारण एकाच नावाची चिप पातळ यंत्रात बरीच मंद चालू शकते. सोबतचा चार्जरही हातात घेऊन पाहावा. सकाळच्या विरार लोकलमध्ये तो तुम्हालाच वाहायचा आहे.