पंचेचाळिशीनंतर बीएफए: स्मरणचित्राच्या पेपराची तयारी

"हौस आहे ना, मग घरी बसून रोज एक चित्र काढा," असं सांगणाऱ्यांना आधी बाजूला सारा. हौस वेगळी आणि चार वर्षांचा पूर्णवेळ बीएफए (ललित कलांचा पदवी अभ्यासक्रम) वेगळा. मी ठाण्यात राहून ही प्रवेश परीक्षा दोनदा दिली. तेव्हापासून दर वर्षी पन्नाशीच्या आसपासचं कुणी ना कुणी चित्रांची वही घेऊन माझ्या दारात उभं असतं.

कागदपत्रं गोळा करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी जुन्या-नव्या नावाचा पुरावा आधी काढून ठेवावा. पात्रतेचे नियम राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, भाच्याच्या मित्राला विचारू नका.

परीक्षेत वस्तुचित्र (समोरच्या वस्तू पाहून), संकल्पचित्र (आकारांची सजावटी रचना), स्मरणचित्र (दिलेलं दृश्य आठवणीतून) आणि सामान्यज्ञान असतं. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर पहिली तीन नावं ओळखीची वाटतील. वस्तुचित्रासाठी ओट्यावर तांब्या, वांगं आणि चुरगळलेला टॉवेल मांडून रोज काढा. संकल्पचित्र हात बसला की जमतं. सामान्यज्ञान वाचून होतं.

आपण मोठी माणसं आपटतो ती स्मरणचित्रात.

पहिल्या वेळी सरावाला मी 'भाजीबाजार' हा विषय घेतला आणि मनात हसले. वीस वर्षं जांभळी नाक्यावरून भाजी आणतेय, आणखी काय हवं! कागदावर उतरली ती सत्यनारायणाला बसल्यासारखी मांडी घातलेली भाजीवाली. खरी भाजीवाली अशी बसत नाही. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा वर, त्यावर कोपर टेकलेलं, आणि कोथिंबिरीची जुडी झटकताना मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. वीस वर्षं मी फक्त भाव पाहत होते.

क्लासवाले यावर तोडगा म्हणून पाच-सहा ठरलेल्या आकृत्या घोटून घेतात: पाठमोरी पिशवीवाली बाई, छत्रीवाला माणूस, फुगेवाला. त्यांच्या नादी लागू नका. तीच बाई बाजारात, तीच एसटी स्टँडवर, तीच विसर्जनाला. तपासणाऱ्याने त्या दिवशी तिला शंभरदा पाहिलेलं असतं.

मी करते आणि करून घेते ते असं. बाजारात एकाच जागी दोन मिनिटं उभं राहायचं. वही पिशवीत, मोबाइलही पिशवीत. फोटो काढलात की डोळे काम सोडतात. त्या दिवशी एकच गोष्ट पाहायची, म्हणजे समजा फक्त हात. मग चालत तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर जायचं, कट्ट्यावर बसून आठवेल तेवढंच काढायचं. आठवत नाही तिथे कागद कोरा सोडायचा. अंदाजाने भरलेली जागा पुढे कायमची चुकीची पाठ होते, म्हणून हे मी फार कडकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी परत जाऊन फक्त त्या कोऱ्या जागा पाहायच्या. एक दृश्य पंधरा दिवस. मग फलाट, मग मासुंद्यावरचं विसर्जन.

दुसरी खोड डोळ्याच्या पातळीची. लांबची माणसं कागदावर वर वर चढवत नेली की चित्र कॅलेंडरासारखं दिसतं. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात, जवळची असोत की लांबची. बदलतात ते पाय: जवळच्याचे कागदावर खाली, लांबच्याचे वर. बसलेली माणसं त्या रेषेच्या खाली. म्हणून कागद हातात आला की आधी ती रेषा हलकी आखा, मग माणसं. आणि एक तरी माणूस इतका जवळचा घ्या की चौकटीने त्याचा खांदा कापला जाईल. धीर लागतो त्याला, पण गर्दी तिथूनच सुरू होते.

आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून पूर्ण चित्र करा. आपला हात हळू झालेला असतो, मान्य करा.

परीक्षेच्या दिवशी पेन्सिली घरूनच तासून न्या. प्रवेशपत्र पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हातात धरा. फाटकावरचा माणूस मला दोन्ही वेळा म्हणाला होता, "ताई, पालकांनी बाहेर थांबायचं."