'मी' म्हणून बोलणारा किशोरवयीन निवेदक : या चुका टाळा

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडून कथा सांगायला घेतली की पहिलं पान झकास उतरतं आणि तिसऱ्या पानावर आवाज बिघडतो. पोरगा एकदम प्राध्यापकासारखा बोलायला लागतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं : तो हे कुणाला सांगतोय आणि घडून गेल्यावर किती दिवसांनी सांगतोय, हे लेखकानं ठरवलेलंच नसतं. कालची गोष्ट वर्गमित्राला सांगणारा मुलगा आणि तिशीत पोचून तीच गोष्ट आठवणारा माणूस हे दोन वेगळे निवेदक आहेत. आधी त्यातला एक पक्का करा.

मोठ्यांचं शहाणपण मुलाच्या तोंडी घालणं

सगळ्यात जास्त कथा इथं मरतात. समजा, सोलापूरच्या पूर्व भागातला दहावीतला मुलगा आहे, वडील यंत्रमागावर कामाला. लेखक लिहितो, "मागांच्या खडखडाटात पप्पांचं आयुष्य विणलं जात होतं, हे मला उमगलं." हे लेखकाचं वाक्य झालं. पोरगा असं सांगेल : "पप्पा घरीपण ओरडूनच बोलतात. कारखान्यात तसंच बोलावं लागतं ना दिवसभर. नवीन माणसाला वाटतं भांडण चाललंय. म्हणून मी कुणाला घरी नेत नाही." वडिलांचे कष्ट यात आले, मुलाला वाटणारी लाजही आली, आणि त्यानं दोन्हींचं नावसुद्धा घेतलं नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरीत (2004) काळ आणीबाणीचा आहे, पण सांगणारा नववीतला मुकुंद आहे आणि त्याचा जीव शिरोडकर नावाच्या मुलीत अडकलेला आहे. देशात काय चाललंय ते त्याच्या कानावर पडतं तेवढंच आपल्यापर्यंत येतं, आणि तेवढं पुरतं.

प्रत्येक वाक्यात 'बे'

सोलापुरी आवाज म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' चिकटवला की दोन पानांत वाचक कंटाळतो. कानानं ऐका. हाच मुलगा मित्राला म्हणतो, "काय करलालास बे?" आणि वर्गाच्या दारात "सर, येऊ का?" घरात आजीशी तो तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असेल. समोरचा माणूस बदलला की त्याची बोली बदलते, आणि हे बदलणंच त्याचा खरा आवाज आहे. संवादात बोली मोकळी सोडा. निवेदनात वाक्याची चाल सोलापुरी ठेवा आणि 'करलालास'सारखी क्रियापदाची खास रूपं जपून वापरा. आजीचं तेलुगू वाक्य पूर्ण लिहून खाली अर्थ देत बसू नका; "आजी तेलुगूत ओरडली" एवढं पुरे.

यंदाच्या रील्समधले शब्द तर अगदी मोजके घ्या. पुस्तक छापून येईपर्यंत पोरांनी ते टाकून दिलेले असतात.

गप्पा म्हणून नुसतं भरकटणं

गप्पा मारणारा निवेदक विषय सोडतो, पण त्याच्या सोडण्याला कारण लागतं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, काय झालं हे सांगायला बसलेला मुलगा आधी मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाच्या सरावाबद्दल बोलतो, मग होम मैदानावरच्या पाळण्याबद्दल, मग भावानं भजी किती खाल्ली त्याबद्दल. वाचक वैतागायच्या आत कळायला हवं की पाळण्याचे पैसे त्यानं पप्पांच्या खिशातून काढले होते आणि तेवढंच सांगायचं तो टाळत होता. आडवळण असं काही लपवत नसेल तर निर्दयपणे कापा.

आवाज कुठं बिघडतोय ते तुमच्या तुम्हाला सापडत नसेल तर त्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला एक पान मोठ्यानं वाचायला द्या. जिथं अडखळतील तिथं खूण करा. काय चुकलं ते विचारू नका, ते संकोचतात. "तू हे कसं सांगितलं असतंस?" असं विचारा आणि उत्तर आहे तसं, व्याकरण न सुधारता, लिहून घ्या.