युद्धकालीन नौदलाच्या विजेऱ्या आणि लाइफबोटीतील दिवे यांचा संग्रह कसा करावा

दुसऱ्या महायुद्धातील जहाजांवरच्या विजेऱ्या जमवायच्या असतील, तर आधी क्षेत्र आखून घ्यावे. अमेरिकी नौदल, ब्रिटिश नौदल आणि व्यापारी जहाजांच्या लाइफबोटी असे तीन मोठे गट पडतात. नवख्याने अमेरिकी वस्तूंपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्यांवरील अक्षरे आणि आकडे बऱ्याचदा काळ सांगून टाकतात.

वस्तू हातात आल्यावर पुसण्याआधी भिंगाखाली तिच्यावरचा मजकूर वाचावा. अमेरिकी नौदलाचा ‘ब्यूरो ऑफ शिप्स’ हा विभाग जून १९४० मध्ये स्थापन झाला आणि १९६६ पर्यंत चालला, तेव्हा ‘बुशिप्स’ असा शिक्का असलेला दिवा १९४० पूर्वीचा असू शकत नाही. मात्र तो युद्धानंतरचा असू शकतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. ६२३० ने सुरू होणारा अकरा अंकी साठा-क्रमांक दिसला, तर वस्तू १९५० च्या दशकातील किंवा त्यानंतरची समजावी, आणि त्यात ‘००’ हा देशसंकेत मिळून तेरा अंक झाले असतील, तर ती १९७४ नंतरची धरावी. ‘टीएल-१२२’ ही काटकोनी विजेरी लष्कराच्या सिग्नल कोअरची, म्हणजे संदेशवहन शाखेची, आहे. ती नौदलाची म्हणून विकली जात असेल, तर अधिक पैसे देऊ नयेत. ब्रिटिश वस्तूंवरील रुंद बाणाचे चिन्ह केवळ सरकारी मालकी दाखवते, म्हणून नौदलाचा पुरावा हवा असल्यास ॲडमिरल्टीचा, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याचा, पॅटर्न-क्रमांक शोधावा.

लाइफबोटीच्या दिव्यांसाठी मुंबईचा चोर बाजार आणि दारूखाना येथे फेरी मारण्यास हरकत नाही, पण अपेक्षा बेताची ठेवावी. गुजरातमधील अलंगला जहाजे मोडण्याचे काम १९८३ मध्ये सुरू झाले, आणि तोवर युद्धकाळात बांधलेली बहुतेक जहाजे केव्हाच भंगारात गेली होती. त्यामुळे तिथून आलेला दिवा बहुधा युद्धोत्तरच असतो. मुरादाबाद आणि रुरकी येथे पितळी नौका-वस्तूंच्या नकला तयार होतात. खोल कोपऱ्यांपासून उघड्या कडांपर्यंत सर्वत्र एकसारखा काळपटपणा, आणि हाताळून झिजायला हव्या होत्या त्या जागी धारदार राहिलेली अक्षरे, ही नकलेची लक्षणे आहेत.

विजेरी उघडताना घाई करू नये. जुन्या सेलचे जस्ताचे कवच हेच त्याचे ऋण टोक असते आणि वापरात तेच खाल्ले जाते. ते फुटून झिरपलेल्या आम्लधर्मी द्रवामुळे झाकणाचे आटे घट्ट बसतात. धातूच्या आट्यांवर पातळ तेल सोडून काही तास थांबावे, मात्र ते रबरी वायसरला किंवा प्लास्टिकला लागू देऊ नये. आतला पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसावा. नंतरच्या काळातील अल्कलाइन सेल गळला असेल, तर व्हिनेगर वापरावे, आणि दोन्ही वेळी हातमोजे घालावेत. पितळ घासून चकचकीत केल्यास संग्राहकाच्या दृष्टीने किंमत घसरते. दोन सेलच्या अनेक विजेऱ्यांना कॉलरचा ‘पीआर-२’ बल्ब (२.३८ व्होल्ट, अर्धा अँपिअर) चालतो, चाचणी होताच सेल काढून ठेवावेत.

चमकणाऱ्या रंगाचे भाग असलेल्या वस्तूंबाबत वेगळी खबरदारी हवी. त्या काळी अंधारात दिसणाऱ्या रंगात रेडियम वापरले जाई, आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा आहे. चमक विझते ती त्यातील झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे, किरणोत्सर्ग मात्र चालूच राहतो. अशी वस्तू उघडू, खरवडू किंवा घासू नये. शक्यतो घेऊच नये.

सेल्युलोज ॲसिटेटच्या कवचाला व्हिनेगरचा वास येऊ लागला, तर ते आकसू आणि वाकू लागल्याचे समजावे व ती विजेरी इतरांपासून लांब, हवेशीर आणि थंड जागी ठेवावी, कारण त्या वाफांनी शेजारच्या धातूलाही गंज चढतो.