रिपेअर टूल चालवलं आणि नेट गेलं

लॅपटॉप मंदावला म्हणून एक फुकटचं सिस्टीम रिपेअर टूल चालवलं. रीस्टार्टनंतर वायफाय जोडलेलं दिसे, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. राउटर बंद-चालू केला, टूल काढून टाकलं, तरी तेच. मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. जीव टांगणीला लागला.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे चार छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं. चारही उत्तरं आली! म्हणजे नेट शाबूत होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यामधल्या मध्यस्थाची सेटिंग, उघडलं, तर मॅन्युअल प्रॉक्सी चालू, पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे आपलाच संगणक. टूलने ब्राउझरची वाहतूक स्वतःकडे वळवली होती. ते गेलं, पण वळण तसंच राहिलं. बटण बंद केलं आणि पान लगेच उघडलं. फॉर्म रात्री साडेदहाला भरला.