फोडणीचं तेल एका कडेला धावतंय? कॅम्पर उभी करताना या चुका टाळा

कढई गॅसवर ठेवली, तेल ओतलं आणि सगळं तेल एका कडेला जाऊन बसलं. मोहरी कोरड्या बाजूला पडली आणि न तडतडताच करपली. आमची कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, वाकडी उभी आहे हे आम्हाला कळलं ते असं, पहिल्याच मुक्कामी. रात्री तर दोघंही घरंगळत खिडकीला जाऊन चिकटलो.

अशा गाड्यांसाठी आणि त्यांच्या तळांसाठी महाराष्ट्राचं कॅरव्हॅन धोरण 2021 साली आलं, पण आपला मुक्काम अजूनही बहुतेक वेळा होमस्टेच्या अंगणात, ढाब्याच्या मागे नाहीतर देवळाच्या पटांगणात पडतो. तिथली जमीन कुणी आपल्यासाठी सपाट करून ठेवलेली नसते. चाकांखाली काहीतरी घालून गाडी सपाट करणं हे रोजचंच काम आहे आणि त्यात चुका ठरलेल्या असतात.

चिरा, वीट, दगड

सर्वांत महागाची चूक आमचीच. कोकणात अंगण उतरतं होतं. घरमालक काका म्हणाले, "चिरे देतो की चार. आमचं अख्खं घर उभं आहे त्यावर." पटलं. मागच्या चाकाखाली जांभ्या दगडाचे ते दोन चिरे एकावर एक रचले, गाडी चढवली, चहा घेतला. पहाटे खाडकन आवाज झाला आणि गाडी एका कोपऱ्यात बसली. वरच्या चिऱ्याचे दोन तुकडे झाले होते.

काका खोटं बोलले नव्हते. भिंतीत चिऱ्यावर वजन सरळ आणि सगळीकडून सारखं येतं. टायर मात्र मध्येच टेकतो, गाडीत कुणी हललं की ढकलतो, आणि त्यात जांभा सच्छिद्र, ओला झाला की आणखी कच्चा. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक याहून वाईट. पर्याय दोनच: प्लॅस्टिकचे पायऱ्यांचे रॅम्प, किंवा दोन इंची जाडीच्या लाकडी फळ्या. फळ्या रचायच्या तर खालची लांब, वरची आखूड, म्हणजे चाक पायरी-पायरीने चढतं. टायरचा टेकलेला भाग पूर्ण फळीवर हवा. अर्धा बाहेर लोंबत राहिला तर टायर आतून दुखावतो. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही चाकांखाली आधार द्या, एकाच चाकावर सगळा भार टाकू नका.

गुळगुळीत कातळावर किंवा पेव्हर ब्लॉकवर रॅम्प चाकाखालून सटकतो. खाली ओलं गोणपाट किंवा जुन्या रबरी मॅटचा तुकडा टाका. आणि चढवताना मार्गदर्शन करणाऱ्याने बाजूला उभं राहावं, चाकाच्या रेषेत नाही. "अजून, अजून, बस" म्हणायला तिथूनही येतं.

जॅकने उचलून ठेवणं

पंक्चर काढायचा जॅक रात्रभर गाडी तोलायला नसतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक करतात. कॅम्पर ज्यावर बांधतात त्या बहुतेक मिनीबसचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. मागची दोन्ही चाकं उचललीत तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरणारं काही उरत नाही. एकच चाक उचललं तर दुसऱ्याचा ब्रेक धरतो, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर मात्र निकामी होतो: उचललेलं चाक हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी जोडणी) सुटं होतं. "गिअरमध्ये टाकलीये ना" या भरवशावर राहू नका.

कोपऱ्यांवर जे पाय खाली सोडतात ते तर गाडी उचलण्यासाठी नसतातच. आत चालताना गाडी डुलू नये एवढंच त्यांचं काम. त्यांनी गाडी उचलायला गेलात तर पाय वाकतो, नाहीतर चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पीळ खाते. ओळखायची खूण सोपी आहे: पाय लावल्यावर दार घासायला लागलं किंवा कडी बसेनाशी झाली, की लगेच सैल करा.

क्रम असा ठेवा: रॅम्पवर चढणं, हँडब्रेक, उताराच्या बाजूने चाकांना पाचर, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्याचे पाय. निघताना उलट. पाय खाली असतानाच गाडी हाकणारे कमी नाहीत. आमच्याकडे पायाचं हँडल वापरून झालं की ते गाडीच्या चावीला बांधून ठेवतो.

काळ्या मातीत हे पाय आणखी फसवतात. वरून भेगाळलेली, टणक दिसते, पण रात्री एक सर आली की लोणी. एका पायावर समजा 500 किलो भार आला आणि त्याचा तळ 10 बाय 10 सेंटिमीटरचा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो. खाली फूटभर चौकोनी फळी टाकली की तोच भार अर्ध्या किलोवर येतो. सकाळी गाडी कलली असेल तर आधी टायरची हवा बघा, मग जमीन खचली का ते.

मोबाइलवर विश्वास

मोबाइलमधली लेव्हल चांगली चालते, पण हल्ली मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. फोन उताणा सरळ ठेवला तरी तिरका बसतो आणि तुम्ही त्या चुकीच्या आकड्यासाठी गाडी खालीवर करत बसता. गवंड्याकडे असते तशी साधी पाणसळ घ्या. एकदा ठेवा, मग तिथेच टोकं अदलाबदल करून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच जागी आला तर ती खरं बोलते. टेबलावर ठेवू नका. आमचं टेबल बॉडी बांधणाऱ्यानेच वाकडं बसवलं होतं, हे आम्हाला वर्षभराने कळलं.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर मात्र खरंच काटेकोर राहा. त्यात अमोनिया उताराने वाहतो. फार कलला तर अडतो, बॉयलर तापतो आणि हळूहळू नळीच बंद पडते. जुन्या बनावटीच्या फ्रिजना बाजूकडे सुमारे 3 अंशांपेक्षा जास्त कल चालत नाही. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली तर फ्रिज बंद करा, खिडक्या उघडा. साध्या कंप्रेसरच्या फ्रिजला एवढी नाटकं नसतात. तिथे आमटीची वाटी काठापर्यंत भरून सांडत नसेल तर पुरे.

गाडी कुठल्या दिशेने लावता?

याचा विचार फारसा कुणी करत नाही. दोन चाकांमधली रुंदी पावणेदोन मीटर धरली तर बाजूचा एक अंश कल म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटर. पण पुढच्या-मागच्या चाकांत साडेतीन ते चार मीटर अंतर असतं. तिथे तोच एक अंश 6 ते 7 सेंटिमीटर खातो. दहा सेंटिमीटरचा रॅम्प बाजूचे तीन अंश सावरतो, लांबीचे जेमतेम दीड. म्हणून हलक्या उतारावर गाडी आडवी लावा. घरंगळायची भीतीही कमी. फक्त बांधाच्या किंवा भरावाच्या कडेला जाऊ नका, ती कड पोकळ असते.

रॅम्प पुरत नसेल तर त्यावर आणखी काही रचू नका. उतरून दहा पावलं पलीकडे चाला, आणि डोक्यावरचे नारळ बघून.